उलटं बुजगावणं : मिसुरीतल्या तीन सकाळी

पहिल्या सकाळी शेतात आमचे अकराशे खोटे हंस, म्हणजे डिकॉय, उभे होते आणि हाती लागले चार खरे. दुसऱ्या सकाळी खोटे चारशे वीस, खरे सदतीस. तिसऱ्या सकाळी शेत तेच, मांडणी तीच, आणि मिळाले दोन. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या या तीन सकाळींचा हा हिशेब.

मी अमेरिकेत, ओमाहात नोकरी करतो. टीममधला एक मित्र, त्याचा धाकटा भाऊ आणि त्याचे सासरे असे तिघं दर वसंतात स्नो गूज मारायला जातात, आणि पाच वर्षांपासून मी त्यांच्या मागे लागलोय. परवाना माझ्याही नावाचा असतो, पण बंदूक मी घेत नाही. मांडणी, स्पीकर आणि मोजदाद एवढी माझी कामं. माझं गाव करमाळ्याकडचं. उजनीच्या पाण्यावर पट्टकदंब हंस उतरताना बघत मोठा झालो. तिथे त्या पक्ष्यावर बार टाकला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आत जाल. इथे सरकारच म्हणतं, मारा, हवे तितके मारा. आईला हे फोनवर समजावताना माझी जी त्रेधा उडाली, ती वाचणाऱ्याची उडू नये म्हणून आधी तेवढं सांगतो.

स्नो गूज हा पांढराशुभ्र हंस, फक्त पंखांची टोकं काळी. त्याचाच एक राखी-निळा प्रकार असतो, तो पूर्वी वेगळी जात मानला जायचा. उन्हाळ्यात हे पक्षी आर्क्टिकच्या किनाऱ्यावर अंडी घालतात, हिवाळ्यात टेक्सास, लुइझियाना, अर्कान्सापर्यंत खाली येतात. पूर्वी ते किनाऱ्यावरच्या दलदलीत पोट भरायचे. विसाव्या शतकात वाटेवर भात, गहू आणि मका पसरला, काढणीनंतर सांडलेला दाणा फुकटात मिळू लागला, आणि हिवाळ्यात मरणारे पक्षी मरेनासे झाले. संख्या फुगली. हडसन उपसागराच्या काठी, चर्चिलजवळच्या ला पेरूझ बे या ठिकाणी १९६८ पासून अभ्यास चालू होता. तिथल्या संशोधकांना दिसलं ते असं : हे हंस गवत वरवर खुडत नाहीत, मुळासकट उपटतात. उघडी पडलेली माती तापते, खालचं मीठ वर येतं, आणि मग तिथे काही उगवत नाही. म्हणून १९९९ मध्ये ‘लाइट गूज कन्झर्वेशन ऑर्डर’ निघाली. नेहमीचा हंगाम संपल्यावर वसंतात स्नो गूज आणि त्याचा छोटा भाऊबंद रॉस गूज यांच्यासाठी मर्यादा नाही. एरवी बंदुकीत तीनच काडतुसं चालतात, इथे ती अट नाही. रेकॉर्ड केलेले आवाज एरवी बंद, इथे चालतात. सूर्यास्तानंतर अर्धा तासही मुभा आहे. एवढं करूनही बंदुकीनं ही संख्या आटोक्यात आली नाही, हे अभ्यासकांनी पुढे आकड्यांनिशी दाखवलं. का आली नाही, त्याचा एक तुकडा या तीन सकाळींत आहे असं मला वाटतं.

आता डिकॉय. मराठीत याला नीट शब्द नाही. आमिष म्हणावं, तर आमिष खायचं असतं, आणि शेतात दाणा टाकून हंस बोलावणं इथे गुन्हा आहे. आपल्याकडे फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यातून बोलायला लावून रानातले तितर फाशात आणायचे. तसे जिवंत पाळीव हंस शेतात बांधून ठेवायची चाल इथेही होती, ती १९३५ मध्ये बंद झाली. मी मनाशी डिकॉयला उलटं बुजगावणं म्हणतो. ज्वारीतलं बुजगावणं पाखरांना सांगतं, इथे माणूस आहे, येऊ नका. डिकॉय सांगतो, इथे माणूस नाही, या. दोघांचं दुखणं मात्र एकच. चार दिवसांत पाखरू बुजगावण्याच्या डोक्यावर बसतं. आणि स्नो गूज काही चार दिवसांचं पाखरू नाही. वीस वर्षंही जगू शकतो. १९९९ मध्येच टेक्सासमध्ये मारला गेलेला एक पक्षी साडेसत्तावीस वर्षांचा निघाला होता. दर हिवाळ्यात खाली आणि दर वसंतात वर अशा खेपा घालताना असल्या पक्ष्यानं किती शेतं आणि किती मांडण्या वरून बघितल्या असतील?

टेक्सासच्या भातखाचरांत पूर्वी लोक पांढरी धडुती, बाळांचे लंगोट, वर्तमानपत्रं, प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथ धसकटांवर टाकून बसायचे, आणि थवे उतरायचे. आता ते दिवस गेले. आमच्याकडे मुख्य माल म्हणजे विंडसॉक : टायवेकच्या, म्हणजे इथे घरांच्या भिंतींना बाहेरच्या आवरणाखाली गुंडाळतात त्या कागदी कापडाच्या, पिशव्या. पुढे प्लॅस्टिकचं डोकं, आत वारा शिरायला तोंड, खाली काडी. वारा आला की फुगून डोलतात. आम्ही त्यांना मोजेच म्हणतो. शिवाय पाच डझन फुल-बॉडी, म्हणजे खऱ्या आकाराचे पोकळ प्लॅस्टिकचे हंस. मोटरवर गोल फिरणारे दोन खांब, त्यांच्या हातांना पंख पसरलेले खोटे हंस. आणि चार स्पीकर.

जागा मिसुरीच्या वायव्य कोपऱ्यात, माउंड सिटीजवळ. तिथे लोएस ब्लफ्स हे सुमारे ७,४०० एकरांचं राखीव पाणथळ आहे. २०१७ पर्यंत त्याचं नाव स्क्वॉ क्रीक होतं. वसंतात तिथे दहा लाखांहून जास्त स्नो गीज एका वेळी मोजले गेलेत. पाण्यावर रात्र काढायची, सकाळ-संध्याकाळ आसपासच्या मक्याच्या रानात चरायला जायचं, हा त्यांचा दिनक्रम. आम्ही होतो ते बाहेरच्या खासगी शेतांत.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही गाडीतून रेकी केली. एका शेताच्या पश्चिम टोकाला काही हजार हंस चरत होते. तिथल्या मालकाचा फोन लागला नाही. तिथून अर्धा मैल पूर्वेला आमच्या ओळखीतलं शेत होतं, तेही मक्याचंच. मित्र म्हणाला, “अर्धा मैल म्हणजे काय त्यांना! अकराशे मांडू, वरून दिसल्याशिवाय राहतील का?” सासरे काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ आम्हाला एव्हाना कळायला हवा होता.

शनिवारी पहाटे साडेतीनला ट्रेलर उघडला. उणे सहा तापमान, चांदणं, वायव्येचा ताशी पाच-सहा मैलांचा वारा, मोजे फुगायला जेमतेम पुरेल इतका. जमीन दगड झालेली. काडी घुसेना म्हणून कॉर्डलेस ड्रिलनं भोक पाडायचं आणि मोजा खोचायचा, असं अकराशे वेळा. स्लेजवरून माल ओढत जाताना माणूस आपोआप सरळ चालतो. दोन पावलं, एक भोक. दोन पावलं, एक भोक. उजाडायच्या आत सगळं उभं राहिलं आणि आम्ही खूश झालो. मधे उतरायला मोकळी जागा सोडली, तिच्या वरच्या टोकाला चार लपणं ओळीनं ठेवली. लपण म्हणजे जमिनीलगत झोपून राहायची कापडी पेटी, वर दोन झापं, त्यांत मक्याची पानं खोचलेली. फिरते खांब बरोबर आमच्या मागे, स्पीकर पूर्ण आवाजात.

सात वाजता पाणथळावरून थवे उठले. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला कसा सांगावा? वारीतल्या दिंड्या लांबून ऐकू येतात तसा, फक्त आकाशातून. पहिला मोठा थवा आमच्यावर आला, वळला, पुन्हा आला. खाली ऐंशी यार्डांवर येऊन घिरट्या घालू लागला. आणि मग जसा कुणी इशारा करावा तसा एका बाजूला सरकत गेला आणि थेट कालच्या शेतात उतरला. दुसरा थवा, तेच. तिसरा तर वळलाही नाही. साडेआठला वारा पडला. अकराशे मोजे एकदम खाली लोंबले, दोरीवर वाळत घातलेल्या बनियनांसारखे. मोटरवरचे हंस मात्र तसेच गोल गोल उडत राहिले. खाली सगळा थवा मेलेला आणि वर दहा हंस एकाच वर्तुळात, एकाच वेगानं.

चार पक्षी मिळाले, तेही भरकटलेले एकेकटे. साडेदहाला सासऱ्यांनी झाप उघडलं, उठून बसले आणि म्हणाले, “पोरा, तू जरा तिकडे पूर्वेला चालत जा आणि त्यांच्या जागेवरून आमच्याकडे बघ.”

गेलो. दोनशे पावलांवरून वळून पाहिलं आणि हसूच आलं. वारा वायव्येचा, म्हणजे हंस वाऱ्याकडे तोंड करून उतरणार ते आग्नेयेकडून येऊन. त्या दिवसांत सूर्यही त्याच अंगानं उगवतो. म्हणजे सूर्य त्यांच्या पाठीशी आणि आमच्या तोंडावर. आमची प्रत्येक चूक उजेडात धुतलेली. पांढऱ्या गर्दीत चार तपकिरी पेट्या एका रेषेत, प्रत्येकीला लांबच लांब सावली. प्लॅस्टिकच्या हंसांवर दहिवर गोठून ते स्टीलच्या भांड्यांसारखे चमकत होते. आणि मोजे? वाफ्यात लावलेल्या कांद्याच्या रोपांसारखे. ओळी दिसत होत्या, ओळींमधलं अंतर दिसत होतं.

दुपारी आम्ही पाणथळाच्या भोवतालच्या रस्त्यावर गाडी लावून खऱ्या थव्याकडे दुर्बिणीतून बघत बसलो. या सगळ्या प्रकरणातले सर्वांत कामाचे दोन तास कुठले विचाराल तर हे. बाहेरच्या शेतात एक थवा चरत होता. त्याची पुढची कड दाट होती, माना खाली, खांद्याला खांदा. मागे विरळ. मागच्यांच्या वाट्याला उष्टं शेत येत असल्यामुळे ते सतत उठून पुढच्यांच्या डोक्यावरून उडत पुढे जाऊन बसत होते. म्हणजे थवा शेतावरून गुंडाळीसारखा पुढे लोटत होता. नव्यानं येणारे हंसही त्या पुढच्या कडेलाच उतरत होते, मधल्या मोकळ्या जागेत नाही. आणि ओळ कुठेच नव्हती. होती ती कुटुंबं. या हंसांची पिल्लं पहिला हिवाळा आई-बापांबरोबर काढतात. दोन पांढरे, त्यांच्या मागे तीन मळकट राखी, मग थोडी जागा, मग दुसरं बिऱ्हाड. आमच्या अकराशेंत राखी मोजे होते साठेक, तेही सगळे एकाच पिशवीतले म्हणून एकाच कोपऱ्यात लागलेले.

आवाजाचंही तसंच. आमचा स्पीकर केकाटत होता. चरणारा थवा मात्र एकसारखा बारीक कलकल करत होता, लग्नाच्या पंगतीत जेवण सुरू झाल्यावर होतो तसा. ओरड करत होते ते उडणारे.

तेवढ्यात सासऱ्यांनी कालच्या शेताच्या मालकाला गाठलं. एकमेकांच्या ट्रॅक्टरची चौकशी झाली, मग शेताचा विषय निघाला. त्यानं हो म्हटलं. संध्याकाळी हंस पुन्हा त्याच शेतात आले. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबून नेमकं कुठल्या टप्प्यावर त्यांनी चरणं सोडलं ते बघितलं. शेताच्या मधल्या विजेच्या खांबापासून साधारण ऐंशी पावलं नैऋत्येला. ही खूण मी मोबाइलमध्ये लिहून ठेवली.

रविवारी फुल-बॉडी ट्रेलरमधून काढलेच नाहीत. मोजे चारशे वीस. भावानं विरोध केला, “अजून सहाशे पडलेत की!” पण खऱ्या थव्यासारखं लावायचं तर चौघांना पहाटेपर्यंत तेवढेच जमणार होते. ओळ मोडण्यासाठी मी एक साधी युक्ती केली. पाच-सात मोज्यांची मोळी घ्यायची, एका जागी उभं राहून हाताला येतील तशा आजूबाजूला खोचायच्या, मग वाकडंतिकडं चालत पुढे. प्रत्येक मोळीत दोन-तीन राखी. वाऱ्याच्या तोंडाकडची कड दाट, मागे शेपटासारखी विरळ होत गेलेली. दाट कडेच्या आत बाजूला उतरायला एक मोकळी खोबण ठेवली. काठ्यांवरचे काही उडते हंस शेपटाच्या टोकाला रोवले. मोटरचा एकच खांब, तोही बाजूला, मधेमधे बंद करायचा. बंद करायचं बटण माझ्याकडे. एक स्पीकर मांडणीत, कलकल लावून, इतका हळू की मित्रानं दोनदा विचारलं चालू आहे ना. दुसरा मागे शेपटाजवळ, उडणाऱ्यांचा आवाज लावून.

लपणांचा निर्णय सर्वांत अवघड. सवयीनं माणसाला मांडणीच्या मधे, पक्ष्यांच्या समोर बसावंसं वाटतं. पण उतरताना प्रत्येक हंस नेमका तिथेच बघत असतो. म्हणून आम्ही मांडणीत बसलोच नाही. आग्नेयेच्या बाजूला चर होता, गुडघाभर वाळलेलं तण. खोबणीपासून पंचवीस यार्ड. त्यात आडवे झालो. पक्षी आमच्यासमोरून आडवे जाणार. पाठीखाली चिखल, कारण रात्रीतून हवा पालटली होती. ढग, नैऋत्येचा ताशी पंधरा मैलांचा वारा, तापमान शून्याच्या वर. मोजे डोलत होते, वळत होते, अंधुक उजेडात मलाही क्षणभर खरे वाटले.

साडेसातला पहिला थवा आला तो सरळ. एक फेरी, दुसरी अर्धीच. मग वरच्या थरातले हंस अंग उलटं टाकून, वाळलेल्या पानासारखे गरगरत उंची सोडायला लागले. ते बघताना मी बटणाचं काम विसरलो, हे इथे कबूल करतो. पन्नास-साठ जण खोबणीवर पाय सोडून लटकले, तेव्हा सासरे म्हणाले, “आता.” दहा वाजेपर्यंत हे पाच वेळा झालं. काही थवे मात्र तेव्हाही वरूनच गेले, हेही सांगायला हवं. ते बहुतेक निव्वळ पांढरे होते.

ट्रेलरच्या फळीवर पक्षी ओळीनं मांडून मी मोजले. सदतीसपैकी एकोणतीस राखी, म्हणजे गेल्या उन्हाळ्यातली पिल्लं. तेव्हाच माझा उत्साह अर्धा झाला. वसंतात मोठे हंस वितळत्या बर्फाची रेघ धरून आधी वर सरकतात, घरट्याची घाई असते. पिल्लं मागून रेंगाळत येतात. शनिवारी रात्रीच्या दक्षिणेच्या वाऱ्यावर नवे, कोवळे, फारशी मांडणी न बघितलेले थवे आले होते. मग श्रेय कुणाचं? मोळीच्या युक्तीचं, चराचं, शेताचं, ढगांचं, की राखी पोरांच्या अजाणतेपणाचं? मित्रानं ऑफिसात सोमवारी दुपारी सगळं श्रेय मोज्यांना दिलं. मला ते पटलं नव्हतं, कारण सोमवारची सकाळ मीही बघितली होती.

सोमवारी पुन्हा तेच शेत. वारा वायव्येला फिरलेला, बारा मैलांचा, मोज्यांना उत्तम. आम्ही कड फिरवून घेतली, लपणं दुसऱ्या बाजूच्या तणात नेली. शनिवारची एकही चूक नव्हती. मांडणी म्हणून बघितली तर तिन्ही दिवसांत सर्वांत देखणी तीच. थवे पाणथळावरून उठले आणि उत्तरेला दोन मैलांवरच्या एका शेतात गेले. आमच्यावरून एक गेला, मान वाकडी करून बघत, न थांबता. आदल्या सकाळी इथे पाच वेळा बार झाले होते. शिवाय सासऱ्यांनी धसकटांत हात घालून दाखवलं : दाणा उरलेलाच नव्हता. रविवारी उरलासुरला टिपून झाला होता. डिकॉय थव्याला बोलावून आणतात, या समजावर माझा विश्वास तेव्हापासून उरला नाही. हंस जिथे यायला निघालेलेच आहेत तिथे शेवटच्या शंभर यार्डांत त्यांना शंका येऊ नये, एवढंच त्यांच्या हातात असतं. शनिवारी आम्ही जागा चुकवून ती कसर संख्येनं भरायला गेलो होतो. सोमवारी जागाच संपलेली होती. या दोन्हींच्या मधे कुठेतरी मोज्यांचं खरं मोल आहे, आणि ते ट्रेलरच्या किमतीच्या मानानं बरंच कमी आहे.

मांसाबद्दल विचारतात म्हणून दोन ओळी. २०२२ पासून इथल्या जंगली हंसांत बर्ड फ्लू शिरला, स्नो गीज त्यात खूप मेले. म्हणून सुस्त, मान टाकलेल्या पक्ष्याला कुणी हात लावत नाही, आणि साफ करताना रबरी हातमोजे घालतात. छातीचं मांस गडद असतं, काळजाच्या रंगाचं. मी ते सोलापुरी काळ्या मसाल्यात कुकरला लावतो, बोकडाच्या मटणापेक्षा दोन शिट्या जास्त. ताटावर बसण्याआधी पाहुण्यांना सांगून ठेवायचं, दाताखाली पोलादी छर्रा येईल. शिशाचे छर्रे पाणपक्ष्यांच्या शिकारीला १९९१ पासून बंद आहेत, आणि पोलाद दाताला शिशासारखी दयामाया दाखवत नाही.

सोमवारी नऊलाच आवरायला घेतलं. बंदुका रिकाम्या करून गाडीत गेल्या, मी शेपटाकडून मोजे उपटत पुढे येत होतो. एक हात काडीवर, दुसऱ्या हातात मोळी. तेवढ्यात वरून एकच बारीक आवाज आला. एक राखी पिल्लू, एकटंच, सरळ खोबणीत उतरलं. माझ्यापासून तीस पावलांवर. त्यानं पंख आवरले, एका मोज्याजवळ गेलं, त्याच्याकडे बघून ओरडलं, मग दुसऱ्याजवळ. सासरे गाडीच्या दारात उभे होते, त्यांनी हातानं खूण केली, तू चालू ठेव. मी उपटत राहिलो. ते माझ्याकडे बघायचं, चार पावलं सरकायचं आणि उरलेल्यांमध्ये जाऊन उभं राहायचं. शेवटी शेतात चाळीसेक मोजे राहिले, मग वीस. वारा जरा मंदावला आणि त्यांतले निम्मे खाली लोंबले. तेव्हा ते उडालं, उत्तरेला.